वळलेले जुने फोटो: सरळ करायचे, की आहेत तसे विकायचे?

प्रश्न नागपूरहून आला आहे. आजोबा भुसावळला रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत बरेच कृष्णधवल फोटो निघाले. सुटे पोस्टकार्ड आकाराचे फोटो आतल्या बाजूला वळलेत, पुठ्ठ्यावर चिकटवलेले काही पुठ्ठ्यासकट वाकलेत, आणि दोन लांबलचक समूहफोटो घट्ट गुंडाळलेले आहेत. उघडायला गेलं की कडकड आवाज येतो. एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसलाय. ओळखीच्या स्टुडिओवाल्याने सांगितलं, इस्त्री फिरवा आणि लॅमिनेशन करून टाका, म्हणजे चांगले पैसे येतील. काही फोटो घरात ठेवायचे आहेत, काही विकायचे आहेत. तर हे सरळ कसे करावेत आणि किंमत कशी येईल?

ताई, इस्त्री आणि लॅमिनेशन या दोन्ही गोष्टी आधी डोक्यातून काढून टाका. फोटो वळलेला आहे म्हणून त्याची किंमत फारशी पडत नाही. सरळ करताना त्याला तडा गेला की पडते. जुन्या फोटोंची खरेदी-विक्री आणि निगा या कामात मी बरीच वर्षं आहे. ट्रंकेत पन्नास-साठ वर्षं सुखरूप राहिलेले फोटो विकायचं ठरल्यावर आठवड्याभरात खराब होतात, हे मी फार वेळा पाहिलंय. कोणी टेबलाच्या कडेवरून उलटे घासतं, कोणी जाड पुस्तकांखाली दाबतं, कोणी फेविकॉल लावून प्लायवर चिकटवतं. जाणता गिऱ्हाईक वळलेला फोटो आनंदाने घेतो, कारण तो नीट सरळ करता येतो हे त्याला ठाऊक असतं. लॅमिनेट केलेला फोटो तो परत करतो, कारण ते प्लास्टिक फोटोला इजा न करता निघत नाही.

फोटो का वळतो, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. तुमच्या आजोबांच्या काळातला नेहमीचा कृष्णधवल फोटो म्हणजे जिलेटिन सिल्व्हर प्रिंट. खाली कागद, त्यावर बॅरायटाचा म्हणजे बेरियम सल्फेटचा पांढरा थर, आणि सगळ्यात वर जिलेटिन. प्लास्टिकचा लेप नसलेल्या अशा कागदाला फायबर कागद म्हणतात. चित्र घडवणारे चांदीचे बारीक कण त्या जिलेटिनमध्ये असतात. हवा दमट झाली की जिलेटिन पाणी शोषून फुगतं, कोरडी झाली की आकसतं, आणि हे आकसणं कागदाच्या आकसण्यापेक्षा बरंच जास्त असतं. त्यामुळे वरचा थर कागदाला आपल्याकडे ओढतो आणि वाळत घातलेल्या पापडाच्या कडा उन्हात उचलल्या जातात तसा फोटो चित्राच्या बाजूला वळतो. नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे यासाठी सगळ्यात वाईट काळ. तेच फोटो मुंबईत किंवा कोकणात असते तर वळले कमी असते, पण बुरशीने खाल्ले असते किंवा एकमेकांना चिकटले असते.

लांब समूहफोटोंची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते मुळातच गुंडाळून ठेवलेले असतात, आणि वर्षानुवर्षं त्याच आकारात राहिल्याने कागदाला तेच वळण पडून जातं. असे फोटो बहुधा फिरत्या कॅमेऱ्याने काढलेले असायचे. सर्कट नावाच्या कॅमेऱ्याचं पेटंट 1904 चं; तो दातेरी चकतीवर गोल फिरायचा आणि आत फिल्म त्याच वेगाने एका फटीसमोरून सरकायची. माणसांना अर्धगोलात बसवलं की फोटोत ती सरळ रांगेत दिसतात, मागची सरळ इमारत मात्र बाक आल्यासारखी दिसते. तुमच्या फोटोत माणसं सरळ आणि मागची शेड वाकडी दिसली, तर तो अशाच कॅमेऱ्याचा समजा. या कॅमेऱ्याच्या लांब निगेटिव्हवरून बहुतेक वेळा एन्लार्जमेंट न करता जशाच्या तशा आकाराचे प्रिंट काढत. म्हणून त्यातला बारीक तपशील थक्क करणारा असतो. मागच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीवरचा बिल्लासुद्धा भिंगाखाली दिसतो. असा फोटो घाईने उलगडून त्यावर आडव्या समांतर भेगा पाडून घेणं, याच्याइतकं वाईट मला दुसरं काही वाटत नाही. तुम्हाला जो कडकड आवाज आला, तो कोरडं जिलेटिन ताणलं जाण्याचा आहे. तिथेच थांबलात हे फार बरं केलंत.

आता कोणता फोटो कशाचा आहे ते ओळखा. चांगलं भिंग घ्या, खिडकीजवळ बसा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी-जांभळट रंगाचा, उजळ भाग पिवळे पडलेला आणि भिंगातून कागदाचे तंतू दिसणारा फोटो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट असतो, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावरचा. ही पद्धत 1850 साली फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरार यांनी आणली आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत तिचंच राज्य होतं. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळांच्या सुरुवातीच्या कामाचा काळ तोच. अल्ब्युमेनचा कागद इतका पातळ असतो की सुटा ठेवला तर गुंडाळून जातो, म्हणूनच तो पुठ्ठ्यावर चिकटवत. भिंगातून तंतू दिसत नसतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि गडद भागांवर तिरप्या उजेडात निळसर चंदेरी झाक दिसत असेल, तर तो जिलेटिन सिल्व्हर. ती झाक म्हणजे चांदीच वर आलेली असते. ती पुसायला जाऊ नका. फोटो जुना असल्याची ती एक खूण आहे आणि जाणकाराला ती खटकत नाही. पाठ प्लास्टिकसारखी लागली तर तो बराच नंतरचा, 1970 च्या आसपासचा किंवा त्याही पुढचा आरसी कागद, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेला. तो फार वळत नाही आणि त्याला बाजारात फारसं मोलही नाही.

काळ ठरवायला फोटोची पाठ बघा. तिथे ‘वेलॉक्स’ किंवा ‘आग्फा’ अशी कागदाच्या कंपनीची किंवा ब्रँडची छाप असू शकते. ‘इंदू’ दिसलं तर तो उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कागद. ती कंपनीच 1960 ची, तेव्हा तो प्रिंट त्याआधीचा असूच शकत नाही. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च दुकानदारांकडे असतो, तो अंधारात फोटोच्या पाठीवर आणि पांढऱ्या कडेवर मारा. कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात 1950 च्या दशकापासून आलं. चमकला नाही म्हणून तो जुना, असं मात्र सिद्ध होत नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. भुसावळ जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर होतं आणि ती रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत विलीन झाली. इंजिनावर, पाटीवर किंवा बिल्ल्यावर ‘जी.आय.पी.’ ही अक्षरं सापडली तर फोटो त्या सुमाराचा किंवा त्याआधीचा म्हणता येतो. नुसत्या ‘खूप जुना फोटो’पेक्षा अशा एका खुणेने गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

सरळ करण्याबद्दल. विकायचे फोटो सरळ करू नका, आहेत तसे विका. घरात ठेवायचे जे सुटे, जिलेटिनचे, न रंगवलेले फोटो असतील तेवढेच घरी करा, आणि तेही पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात. आधी सगळ्यात कमी महत्त्वाचा फोटो घ्या.

झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा लागेल. तळाला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेला जाड टीपकागद किंवा स्वच्छ सुती टॉवेल पसरा. त्यावर चार-पाच बोटं उंच प्लास्टिकची जाळी ठेवा, आणि फोटो त्या जाळीवर. पाण्याचा थेंबही फोटोला लागता कामा नये, काम नुसत्या दमटपणाने होतं. झाकणाला आतून कोरडा टीपकागद लावा, नाहीतर तिथे जमलेले थेंब फोटोवर पडतील आणि डाग कायमचा राहील. गुंडाळी असेल तर ती उभी ठेवा, म्हणजे हवा आतून फिरेल. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहा. पहिल्या तासात काहीच झालेलं दिसत नाही. मग कधीतरी गुंडाळीचं बाहेरचं टोक सैल होतं, कडा आपोआप बाहेर सरकायला लागते, आणि बोटाने हलकेच स्पर्श केला तर आधीचा ताठपणा गेलेला कळतो. दोन ते सहा तास लागू शकतात. फोटो स्वतःहून जितका उलगडतो तितकाच उलगडू द्या, पुढे ओढू नका. ओलसर जिलेटिन मऊ असतं आणि त्यावर बोटाचा ठसा उमटतो, तेव्हा फक्त कडांना धरा. पृष्ठभाग चिकट लागायला लागला तर आर्द्रता जास्त झाली, लगेच बाहेर काढा. रात्रभर विसरून झोपू नका, अशा दमट डब्यात बुरशीला फार वेळ लागत नाही.

बाहेर काढला की सपाट फळीवर टीपकागद, त्यावर न चिकटणारं पॉलिएस्टरचं न विणलेलं पातळ कापड, त्यावर फोटो, पुन्हा तेच कापड, पुन्हा टीपकागद, आणि वर दुसरी सपाट फळी आणि सगळीकडे सारखं वजन. शिवणसामानाच्या दुकानात मिळणारं इस्त्रीने चिकटणारं अस्तर चालणार नाही, त्याला गोंद असतो. फोटोवर थेट काच कधीच ठेवू नका, ओलं जिलेटिन काचेला लागलं की तिथे चकचकीत चट्टे पडतात किंवा फोटो काचेलाच बसतो. टीपकागद पहिल्यांदा अर्ध्या तासाने बदला, मग दोन तासांनी, मग रोज. निदान आठवडाभर दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी काढलात तर संध्याकाळपर्यंत तो पुन्हा वळलेला असेल, आणि मग माणूस चिडून इस्त्रीकडे वळतो.

पुठ्ठ्यासकट वाकलेले फोटो या डब्यात घालू नका. जुना पुठ्ठा आतून ठिसूळ झालेला असतो, दाबला की चित्राच्या मधोमध मोडतो. अल्ब्युमेनच्या थरात बारीक तडे आधीच असतात आणि ओलाव्याने ते वाढतात. हाताने रंगवलेला फोटो, पाठीवर शाईचा शिक्का किंवा शाईची सही असलेला फोटो, बुरशी लागलेला, एकमेकांना चिकटलेला, आणि तुमचे ते दोन लांब समूहफोटो हे संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू शास्त्रशुद्ध दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाचं काम आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. खर्च येतो. पण समूहफोटो विकायचाच असेल तर तो खर्च तुम्ही करू नका, घेणाऱ्याला त्याच्या पसंतीच्या माणसाकडून करू द्या.

मग न उलगडता विकायचं कसं? त्याचे फोटो नीट काढून. थोडे वळलेले फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून कडेच्या कोऱ्या पट्टीवर लहान वजनं ठेवा, वजनाखाली कागदाचा तुकडा घाला. खिडकीच्या उजेडात समोरून एक, पाठीचा एक, आणि एक बाजूने, ज्यात तो किती उचलला गेलाय ते दिसेल. शेजारी मोजपट्टी ठेवा. स्कॅनरचं झाकण दाबून वळलेला फोटो सपाट करू नका. गुंडाळी जेवढी सहज उघडते तेवढीच उघडून तेवढ्याच भागाचा फोटो द्या, आणि का पूर्ण उघडली नाही ते लिहा. वर्णन असं लिहा: ‘रेल्वे कर्मचाऱ्यांचा लांब समूहफोटो, जिलेटिन सिल्व्हर, फायबर कागद. गुंडाळलेल्या स्थितीत, जबरदस्तीने उघडलेला नाही. उंची 20 सें.मी., लांबी पूर्ण मोजलेली नाही. दिसणाऱ्या भागात डाव्या कडेला 2 सें.मी. चीर, गडद भागात चंदेरी झाक. मागे शिसपेन्सिलीने नावं. विकणाऱ्याच्या आजोबांच्या ट्रंकेतून, भुसावळ.’ (मापं अर्थातच तुमची घाला.) दोष आधी सांगितले की भाव पडतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलट आहे: ज्याच्या वर्णनात चीर मोजून लिहिलेली असते, त्याच्याकडून लोक न बघता घेतात.

किंमत कशावर ठरते? विषय, जागा, काळ, स्टुडिओचा शिक्का, आणि फोटो कोणाच्या घरातून आला याची माहिती. अनोळखी कुटुंबाचे स्टुडिओत काढलेले फोटो, कितीही सुंदर असले तरी, फार पैसे देत नाहीत. तुमच्याकडचे इंजिन शेड, कारखाना, कामगार, स्टेशन यांचे फोटो मात्र रेल्वेचे अभ्यासक आणि स्थानिक इतिहास जमवणारे शोधत असतात. निगेटिव्ह काढली त्याच सुमाराला काढलेला प्रिंट आणि त्याच निगेटिव्हवरून पुढे कधीतरी काढलेला प्रिंट यांच्या भावात मोठा फरक असतो. म्हणून वर सांगितलेली कागदाची तपासणी करा. भाव बघताना लोक मागतात तो आकडा पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचा आकडा पाहा. मुंबईच्या चोर बाजारातला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातला व्यापारी तुम्हाला कमीच देणार. त्याला माल महिनोन् महिने ठेवावा लागतो, त्यात फसवणूक नाही. पण सगळी ट्रंक एकरकमी देऊ नका, आणि अल्बम असेल तर त्यातले फोटो सुटे काढून विकू नका. एकत्र असताना एक फोटो दुसऱ्याची ओळख सांगतो.

आणि विकण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. आत्या असेल, आजोबांचे धाकटे भाऊ असतील, त्यांना एकेक फोटो दाखवून नावं, गाव, प्रसंग लिहून घ्या. हे काम सगळ्यात आधीचं आहे, डबा आणि टीपकागद नंतर. कागदाच्या पाठीवर लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता. बॉलपेनने लिहिलेलं पुढच्या बाजूला उठतं. सगळ्याचं स्कॅन घरात ठेवा. फोटो विकला म्हणजे कागद विकला, कॉपीराइट त्याबरोबर आपोआप जात नाही, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगा.

परदेशातून मागणी आली तर थांबा. 1972 च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि दस्तऐवज, हस्तलिखितं यांच्यासाठी पंचाहत्तर वर्षं अशी मर्यादा आहे. अशी वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. तुमचे काही फोटो या मुदतीच्या आसपासचे आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून, वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मिळाला तरच पार्सल करा.

पाठवताना थोडा वळलेला फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, पन्हाळी पुठ्ठा असेल तर एकाच्या पन्हाळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. पुठ्ठे करकचून बांधू नका, फोटोला थोडी जागा हवी. घट्ट गुंडाळी कधी सपाट पाठवू नका, आणि तिला अरुंद नळीतही कोंबू नका. तिच्या आतल्या पोकळीत मऊ कागद सैलसर भरा, बाहेरून तसाच कागद गुंडाळा आणि भक्कम चौकोनी खोक्यात हलणार नाही अशी बसवा. पावसाळ्यात बाहेरून प्लास्टिक.

घरात ठेवायच्या फोटोंना पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम नकोत. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं, सपाट डबा, वर हलकं वजन. पत्र्याखालचा माळा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उत्तम. डब्यात डांबरगोळ्या टाकू नका. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा उघडून झटकून बघणं जास्त उपयोगाचं.

राहिला तो काचेला चिकटलेला फोटो. तो ओढू नका, पाण्यातही टाकू नका. फ्रेम मागून उघडा, काच आणि फोटो एकत्रच राहू द्या, समोरून स्कॅन करून घ्या, आणि समूहफोटो दाखवायला संवर्धकाकडे जाल तेव्हा तोही सोबत न्या.